तुम्ही विचारलंत म्हणून: लंडनच्या महापौराला माझं मत कसं?

भारतातून फोन आला की हा प्रश्न हटकून येतो, अगं तुझा पासपोर्ट तर भारतीय, मग तू तिकडच्या महापौराला मत कसं देतेस, आणि तोच माणूस तिसऱ्यांदा निवडून येतो कसा?

भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला मत देता येतं, फक्त मतदार यादीत नाव हवं. 2 मे 2024 ला महापौराच्या मतदानात पहिल्यांदाच फोटो आयडी सक्तीचा होता, मी आपला भारतीय पासपोर्टच पुढे केला, टेबलामागच्या बाईंनी फोटो बघितला, यादीत नावावर रेघ मारली आणि तीन मतपत्रिका दिल्या. शाई नाही, मशीन नाही, पेन्सिलने फुली.

आता सादिक खान. दक्षिण लंडनमधल्या टूटिंगचा, बस ड्रायव्हरचा मुलगा, 2016, 2021 आणि 2024 असा तीनदा महापौर म्हणून निवडून आलेला. यावेळी खरा वाद यूलेझचा होता, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, आणि ऑगस्ट 2023 पासून खान यांनी ते अख्ख्या लंडनला लागू केलं. बाहेरच्या भागात लोक भयंकर चिडले. आमच्याकडे येणाऱ्या प्लंबरची जुनी डिझेल व्हॅन होती, त्याचा राग मला पटायचा, कारण व्हॅन हेच त्याचं दुकान. पण याच शहरात 9 वर्षांची एक मुलगी दम्याने गेली आणि 2020 मध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं, ते वाचल्यावर माझं मत ठरलं. शिवाय खान यांनी दिलेलं सरकारी प्राथमिक शाळांत सगळ्या मुलांना फुकट जेवण, ते घरोघरी पोचलं होतं.

त्यांना 43.8 टक्के मतं पडली, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सुझन हॉल यांना 32.7. म्हणजे निम्म्याहून जास्त मतं इतरांना गेली हेही खरंच आहे, आणि आधी दुसऱ्या पसंतीचं मतही देता यायचं ते सरकारने काढून टाकलं, मला ते अजिबात आवडलेलं नाही.

तरी मला ही पद्धत हवीशी वाटते. मुंबईत महापौर नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी, आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे, त्यामुळे याला परत आणायचं की घरी पाठवायचं हे मुंबईकराला कोणी विचारतच नाही.

आणि इथे विचारतात तर आपलेच कितीतरी मराठी लोक यादीत नाहीत, कारण त्यांना हा हक्क माहीतच नाही. पुढची निवडणूक 2028 ला आहे, नाव ऑनलाइन नोंदवता येतं, आजच नोंदवा.