पोपडे नकोत, झिजलेलं चालेल

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमचं पेंट-हार्डवेअरचं दुकान वडिलांच्या वेळचं, आता गल्ल्यावर धाकटा भाऊ बसतो आणि मी संध्याकाळी जाऊन नुसता चहा पितो, पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट काही बदललेली नाही, गिऱ्हाईक आत आलं की पहिलं शेड कार्ड मागतं. लाकूड कुठलं, ऊन किती, पाणी कुठून लागतं, आधी काय मारलेलं होतं हे कोणी आपणहून सांगत नाही, आपणच खोदून खोदून विचारायचं. त्यामुळे कॅनडातल्या कॅलगरीहून भाचीने शेड कार्डाचे फोटो पाठवले आणि "मामा, वॉलनट घेऊ का सीडर?" असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, आधी फोन घेऊन बाहेर जा आणि मला डेक दाखव, शेडचं नंतर बघू.

इकडच्या लोकांसाठी सांगतो, तिकडे डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराबाहेर लाकडी फळ्यांचा उंच ओटा, वर छप्पर नाही, खालून मोकळा, दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला थोडी फट. उन्हाळ्यात त्यावर खुर्च्या टाकून बसतात, भुट्टे भाजतात, आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत केव्हाही त्यावर बर्फ पडतो. हे घर त्यांनी जुनंच घेतलंय आणि आधीच्या मालकाने डेकला जाड ब्राऊन सॉलिड स्टेन मारून ठेवलेला, स्टेन म्हणजे लाकडाला द्यायचा रंग आणि सॉलिड म्हणजे जवळजवळ पेंटच, लाकडाची नस दिसत नाही असा.

तिने फोन खाली नेला तर काय, दाराजवळ जिथे घराची वळचण येते तिथे तो ब्राऊन अगदी कालच मारल्यासारखा. चार पावलं पुढे, जिथे बर्फाचा ढीग राहतो तिथे उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटलेला. तिला म्हटलं नखाने उचलून बघ, तर हातभर पट्टी निघाली, खाली लाकूड करडं आणि फळीच्या टोकाशी काळपट ओलं. माल तोच, मारणारा तोच, लाकूड तेच, मग फरक कशाचा? पाण्याचा.

लोक म्हणतात थंडीने लाकूड खराब होतं. नुसत्या थंडीचं लाकडाला फारसं काही वाटत नाही, कोरडी फळी उणे 30 ला सुद्धा आरामात पडून राहते. त्रास होतो तो फळीच्या आत शिरलेल्या पाण्याचा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि वरून प्लॅस्टिकसारखा घट्ट कोट असेल तर त्याला जागा कुठे, ते कोटालाच ढकलतं. खिळ्याच्या भोकातून, चिरेतून, फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी आत जातंच, तुम्ही वरून तीन कोट मारा नाहीतर पाच. शिवाय लाकूड ओलं झालं की आडवं फुगतं आणि वाळलं की आक्रसतं, साडेपाच इंची ओली फळी नीट वाळेपर्यंत चार-सहा मिलिमीटरने अरुंद होते, आता तो वरचा पापुद्रा तिच्याबरोबर किती वेळा ताणला जाणार आणि किती वेळा दबणार.

आणि कॅलगरीची गंमत अशी की तिथे एकदा गोठलं आणि मार्चला वितळलं असं होत नाही. रॉकी पर्वतावरून चिनूक म्हणून गरम कोरडा वारा उतरतो, भर जानेवारीत सकाळी उणे 20 होतं ते संध्याकाळपर्यंत शून्याच्या वर जाऊ शकतं. लोक स्वेटर काढून फिरायला निघतात, डेकवरचा बर्फ वितळतो, पाणी फटीत उतरतं, वारा पडला की परत दगड. एका हिवाळ्यात हे परत परत होतं. कॅनडातल्याच विनिपेगची थंडी आकड्यात जास्त कडक पण तिथे बराच काळ सगळं गोठलेलंच राहतं, लाकडाच्या दृष्टीने मला कॅलगरीच वाईट वाटतं. वर ते शहर समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंच, आकाश बहुतेक मोकळं, म्हणजे ऊनही तिखट आणि बर्फावरून उलटून येणारं वेगळंच.

उन्हाचं आम्हा ग्वाल्हेरवाल्यांना कोणी शिकवायला नको. मे महिन्यात 45 च्या वर पारा आणि वरून लू, जानेवारीत धुकं आणि दोन-तीन डिग्री, पश्चिमेच्या दाराला चकचकीत वार्निश मारा आणि दोन उन्हाळ्यांनंतर या बघायला. जनकगंजातल्या आमच्या जुन्या घराला सागवानी गॅलरी होती, तिला वडिलांनी कधी वार्निश लावू दिलं नाही. दिवाळीच्या आधी डबल बॉइल्ड अळशीचं तेल, त्यात थोडं टर्पेंटाइन आणि चिमूटभर गेरू, जुन्या धोतराच्या फडक्याने चोळायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. गॅलरी फिकी व्हायची, कोरडी दिसायची, पण पोपडे कधीच नाही. पुढच्या वर्षी धुतलं, वाळवलं, परत तेल. पेंटरला हे पटायचं नाही, "बाबूजी, दो कोट मार देते हैं, चमक आ जाएगी" हे त्याचं ठरलेलं, आणि चमक यायचीही शेजाऱ्यांच्या दाराला, मग घासपट्टी घेऊन बसायचे तेही शेजारीच.

तर माझं एवढंच म्हणणं आहे की जिथे पाणी आणि बर्फ वर उभा राहणार तिथे असा माल घ्यायचा जो आत मुरतो आणि हळूहळू झिजतो. झिजलेल्यावर धुऊन परत मारता येतं. सोलून निघालेल्यावर काही मारता येत नाही, आधी सगळं काढावं लागतं, आणि ते काढणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आता आत मुरणाऱ्यातही प्रकार. भाचीला क्लिअर हवा होता, लाकूड नैसर्गिक दिसतं म्हणून. दिसतं, पण काही महिनेच. लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या यूव्हीने सुटत जातं, पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने धुऊन जातं आणि फळी करडी पडते. यूव्ही अडवायचं खरं काम पिगमेंट करतं, म्हणजे डब्यातली ती रंगाची भुकटी, आणि क्लिअरमध्ये तीच नसते. दुसऱ्या टोकाला सॉलिड, त्यात पिगमेंट भरपूर पण ते वर थर धरून बसतं, भिंतीला आणि कुंपणाला ठीक, पायाखालच्या आडव्या फळीला नको. मधला सेमी-ट्रान्सपरंट, नसही दिसते आणि रंगही असतो, तोच घे म्हटलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॅडिसनला सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, 1910 पासूनची, विस्कॉन्सिन म्हणजे तेही बर्फाचंच राज्य, त्यांचाही सल्ला हाच, डेकला मुरणारा सेमी-ट्रान्सपरंट स्टेन, थर धरणारा माल नको. त्यांच्याच पुस्तकात असंही आहे की उघड्यावर ठेवलेलं मऊ जातीचं लाकूड ऊन-पाण्याने झिजतं ते शंभर वर्षांत साधारण 6 मिलिमीटर. म्हणजे करडी पडलेली फळी बघून घाबरायचं काही कारण नाही, वरची करडी कातडी घासली की खाली लाकूड शाबूत असतं. घाबरायचं ते काळ्या मऊ जागेला, स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि आत गेला तर ती फळी बदलायची, तिला स्टेन लावून काय उपयोग.

तेलाचा का पाण्याचा, हा पुढचा वाद. मी जुन्या वळणाचा, तेलाचा खोल मुरतो असं माझं मत, आणि झिजतोही एकसारखा. पाण्यावरच्या ऍक्रिलिकचे गुण आहेत, लवकर वाळतो, वास कमी, रंग जास्त टिकतो, बुरशी कमी, पण दोन कोट जाड बसले की परत तोच पापुद्रा. एक सांगून ठेवतो, तेलाचा म्हणून घरचं अळशीचं तेल तिकडे चोळायचं नाही. आमच्या गॅलरीवर छज्जा होता, सागवानात स्वतःचं तेल असतं, आणि नुसतं अळशीचं तेल ओल्या जागी बुरशीचं खाणं होतं, काळे ठिपके धरतात. तिकडच्या चांगल्या डब्यात बुरशीनाशक घातलेलं असतं, लेबल वाचायचं.

लाकूड कुठलं हेही विचारलंच. फळ्या सीडरच्या आणि खालचे खांब हिरवट प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने आत औषध भरलेलं लाकूड. सीडर हलकं, सरळ, किडीला दाद न देणारं, पण ओलं झालं की त्यातून तांबडे-तपकिरी डाग वर येतात. प्रेशर ट्रीटेडमध्ये पूर्वी आर्सेनिकवालं सीसीए असायचं, 2003 च्या शेवटी घरगुती लाकडातून ते बंद झालं, आता तांब्याची संयुगं असतात. नवी ट्रीटेड फळी दुकानातून ओलीच येते, आणि ओल्या लाकडात स्टेन जाणार कुठे, आत आधीच पाणी बसलंय. हवामान बघून काही आठवडे वाळू द्यायची. बघायची पद्धत सोपी, फळीवर पाण्याचे थेंब टाका, काही मिनिटांत शोषले तर लाकूड तयार, मोत्यासारखे वर बसून राहिले तर अजून नाही, नाहीतर वर जुना कोट शिल्लक आहे. मीटर असेल तर 15 टक्क्यांच्या खाली ओल हवी.

तिच्या डेकचं मुख्य काम तो जुना ब्राऊन काढणं, आणि यात शॉर्टकट नाही. सॉलिडवर सेमी-ट्रान्सपरंट मारून चालत नाही, तो मुरणार कशात. जुना रंग सोडवणारं स्ट्रिपर लावून, खरवडून, मग 60 ते 80 नंबरची पॉलिश पेपर. जावईबापू उत्साही, म्हणाले 220 ने गुळगुळीत करू. अजिबात नको, लाकडाचं तोंड बंद होतं, टेबल करायचंय का डेक? तसंच प्रेशर वॉशर भाड्याने आणून जोरात मारू नका, लाकडाची कुसं उभी राहतात आणि मऊ भाग खणून निघतो. ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट पाण्यात कालवून मऊ ब्रशने घासायचं, धुवायचं, मग ऑक्झॅलिक ॲसिडवाला ब्राइटनर, त्याने काळे डाग आणि सीडरचा तांबडेपणा उतरतो. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि शेजारच्या झाडांवर आधी पाणी मारून. कपड्याचं क्लोरीन ब्लीच नको, ते धागेच खातं.

मग मुहूर्त. कॅलगरीत मे संपेपर्यंत रात्री पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडू शकतो आणि सप्टेंबरात परत सुरू, म्हणजे हातात जून ते ऑगस्ट, त्यात दुपारी पाऊस आणि गारांचा नेम नाही. दिवसा 10 ते 30 डिग्री, रात्री दव-पाला नको, पुढचा एक-दोन दिवस कोरडा हवा. कडक उन्हात तापलेल्या फळीवर मारायचं नाही, वरच्या वर वाळतं, सावली सरकेल तसं सरकत जायचं. एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, मधे थांबलात तर जोड कायमचा दिसतो. फळीची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात म्हणून तिथे ब्रश दोनदा भिजवून, आणि हे सगळे विसरतात. पंधरा-वीस मिनिटांनी जे शोषलं गेलं नाही ते पुसून टाकायचं, डब्यात माल उरलाय म्हणून आणखी थोपायचा नाही, चिकट राहतो आणि चमकतो, आणि चमकला म्हणजे थर बसला, म्हणजे ज्यातून सुटायला एवढी मेहनत केली तेच परत. एका गॅलनमध्ये, म्हणजे 3.78 लिटरमध्ये, लाकूड किती पितं त्याप्रमाणे 150 ते 300 चौरस फूट होतात.

पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, हे मी तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. तेल वाळताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं, काडी लागत नाही. बाहेर एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

शेडचं शेवटी काय झालं तर सीडरच्या जवळचा मध्यम ब्राऊन. जावयांना गडद हवा होता पण गडद फळी जुलैत अनवाणी पायाला चटका देते आणि घरात रांगतं बाळ आहे, तिथे विषय संपला. सपाट भागाला दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागेल, पायऱ्यांना आणि दक्षिणेच्या बाजूला त्याआधीच. बर्फ काढायला प्लॅस्टिकचं फावडं, फळीच्या लांबीच्या दिशेने, लोखंडी नको, आणि तळाशी पातळ थर राहिला तर राहू दे, खरवडायचा नाही. उरलेला माल तेलाचा असेल तर फर्नेसपासून, म्हणजे घर तापवायच्या भट्टीपासून, लांब ठेवायचा, पाण्याचा असेल तर गॅरेजमध्ये नाहीच, एकदा गोठला की दही होतो आणि फेकावा लागतो. डब्यावर शेडचा नंबर मार्करने लिहून ठेव म्हटलं, दुकानदाराला नाव सांगून उपयोग नसतो, नंबर लागतो.