‘ते आजारपणाचं ऑपरेशन नव्हतं ना!’

केसपेपरवर ज्युनिअरने लिहून ठेवलं होतं, ‘आधीचं सिझर – १’. बाई मात्र ठाम: दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, ऑपरेशन कधीच नाही. पोट बघितल्यावर उलगडा झाला. व्रण होता, पण सिझरचा व्रण असा कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जात नाही. शिवाय बेंबीभोवती बारीक गोल रेघ. टमी टक, म्हणजे सुटलेलं पोट आवळायचं ऑपरेशन! विचारलं, तर म्हणाल्या, “मॅडम, ते आजारपणाचं नव्हतं ना!”

त्यांना काय बोलणार? व्रण दिसला की सिझर, ही आमच्याच पोरांची सवय. आणि ही चूक साधी नाही. आधीचं सिझर म्हटलं की गर्भाशयावर टाके आहेत असं धरून पुढचं सगळं ठरतं. टमी टकमध्ये गर्भाशयापर्यंत कुणी जातच नाही. जादा कातडी आणि चरबी काढतात, बाळंतपणांत फाकलेले पोटाचे स्नायू त्यांच्यावरच्या आवरणाला टाके घालून मध्यभागी जवळ आणतात. नंतर दिवस राहिले तरी पोट ताणतं, बाळ वाढतं, नॉर्मल डिलिव्हरीही होऊ शकते.

इथे बाळ पायाळू निघालं. बाहेरून फिरवायला बाईंची तयारी नव्हती, म्हणून ३९व्या आठवड्यात सिझर ठरलं.

कमरेतून भूल दिल्यावर भूलतज्ज्ञांनी बेंबीखाली चिमटा घेतला. “काहीच कळत नाही,” बाई लगेच म्हणाल्या. कळणार कसं? टमी टकमध्ये तिथल्या बारीक नसा तुटतात, आणि या पट्ट्यात त्यांना आधीपासूनच बधिरपणा होता. मी सांगितलं, कुशीला आणि छातीच्या खाली बघा. तिथे चिमटा चांगलाच कळत होता. आणखी थोडं थांबलो, टेबल जरा डोक्याकडे कलवलं, मग भूल हवी तिथवर चढली.

जुन्याच व्रणावरून आत गेले. एरवी आवरण स्नायूंवरून बोटाने सुटतं, इथे मधोमध चामड्यासारखं घट्ट, आणि त्यात काळ्या नायलॉनच्या गाठी. वाटेत आल्या तेवढ्याच कापल्या, बेंबीच्या बऱ्याच खाली. बाळ छान रडलं. मी आवरण शिवायला घेतलं तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला, “मॅडम, उघडलंच आहे तर परत आवळून द्या ना!”

भूलतज्ज्ञ हसले. मला ते आवडलं नाही, मागणी काही वेडगळ नव्हती. पण त्या दिवशी गर्भाशय बेंबीपर्यंत असतं, आवरण ताणून पातळ झालेलं, सुजलेलं. तेव्हा आवळलं तर टाके धरत नाहीत, आणि श्वासावर, पायांतल्या रक्तप्रवाहावर उगाच दाब येतो. नाही म्हणाले.

सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा डोकं उचलायला लावून तपासलं. बेंबीच्या वर स्नायूंमध्ये तीन बोटं फट. “तुम्ही टाके कापलेत म्हणून.” मी कापलं ते खाली, फट वर, ती नऊ महिन्यांच्या ताणाने पडली आहे. हे चित्र काढून समजावलं, तरी पटलं नाही. आधीच्या सर्जनचं कार्ड मागवलं. त्यात पट्टा कधी बांधायचा, व्यायाम कधी सुरू करायचा, सगळं रंगीत छापलेलं. टाके कुठून कुठपर्यंत, कोणत्या दोऱ्याचे, याची एक ओळ नाही. बाईंना दाखवायला माझ्याकडे माझं चित्र तेवढं आहे.