एकाच व्हॉल्व्हवरची बाग

सांगोल्याकडच्या डाळिंब बागेतून फोन आला: वरच्या अंगाला फळं तडकतायत, खालच्या अंगाला झाडं पिवळी पडून वाळतायत. दुकानदारानं दोन्हीला औषधं देऊन झाली होती. आमचं काम ठिबकचं. पण एकाच बागेत अशी उलटसुलट दुखणी दिसली, की मला आधी पाण्याचा संशय येतो.

बाग भगवा वाणाची, उतारावरची. बागेचे मालक तात्या ठामपणे म्हणाले, "पाणी सगळ्या झाडास्नी सारखंच हाय सर. दोन दिसाआड दोन तास."

पाळी आजच होती, पण लाइट यायला वेळ होता. तेवढ्यात कुदळ मागितली. वर वीतभर मातीखाली लगेच मुरूम. हातात घेतला तर भुगा, ओल नाही. खाली ओढ्याकडं काळी माती. मूठ वळली तर लाडू झाला. वास आंबूस, मुळी तपकिरी आणि चिमटीत साल निघून येणारी. मातीतल्या पाण्याचा ताण मोजणारे टेन्शिओमीटर सकाळीच रोवले होते. दुपारी वरचा काटा 55 सेंटिबारवर, खालचा 8 वर. काटा जितका वर, तितकं मुळांना पाणी ओढून घेणं जड.

मोटर चालू झाल्यावर ड्रिपर मोजले. ताशी 4 लिटरचे, वर-खाली फरक नाममात्र. तात्यांचा हिशेब चोख होता, आणि तोच नडत होता. मुरमातलं पाणी सरळ खाली निघून जायचं, झाड पुढच्या पाळीपर्यंत ताणावर. मग एकदम पाणी मिळालं की आतले दाणे फुगायचे आणि ताठरलेली साल फाटायची. काळ्या मातीत मुळांना हवाच नव्हती.

मी दोन व्हॉल्व्ह सुचवले. वर रोज थोडं थोडं, खाली काटा बघून. तात्यांनी लगेच अडवलं, "लाइट रातची. दोन वाजता कॉक फिरवायला कोण जाणार? पोरगं पुण्याला."

प्रश्न रास्त होता. सेन्सर विकणारे नेमकं हेच विसरतात. म्हटलं, तूर्त खालचा भाग बंदच ठेवा, फिरवायचं कामच नाही. फक्त मोटरजवळ बायपास काढून जादा पाणी विहिरीत सोडा, नाहीतर वरचे जोड निखळतील. मर रोगाची शंका होती, म्हणून मुळं आणि माती सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात दाखवायला सांगितली. वाळलेली झाडं परत येणार नाहीत, हेही सांगितलं.

तात्यांनी बायपासच्या पाइपाचा दर विचारला.