४७ भरले होते

आमच्या पन्हाळा ते पावनखिंड पायी मोहिमेत खोतवाडीत जेवणाचं एक पुडकं उरलं, तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. चार चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर्तमानपत्रात बांधून वरून प्लॅस्टिकची पिशवी. आम्हा तिघांना धरून माणसं ४७, पुडकी ४७. तासाभरापूर्वी कुंभारवाडीत उतरल्यावर मोजणी केली होती आणि ४७ भरले होते. तरी पोत्याच्या तळाशी एक पुडकं होतं.

"कोण राहिलंय जेवायचं?" असं विचारल्यावर एक पोरगा पुढं आला. "सर, माझं जेवण आमच्या ग्रुपकडं आहे." कुठला ग्रुप? तो सांगलीकडनं आलेल्या दुसऱ्याच मोहिमेतला निघाला. पठारावर धुक्यात आमच्या मागोमाग चालत आला होता. निळा रेनकोट, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, पाठीवर सॅक. आमचे निम्मे लोक तसेच होते. तो आमच्यात मोजला गेला होता. म्हणजे आमचा एकजण कमी होता आणि आम्ही त्याच्याशिवाय दोन तास चाललो होतो.

पायातलं बळ गेलं माझ्या.

पन्हाळा ते पावनखिंड मी बारा पावसाळे माणसं नेतोय. हा इतिहास कोल्हापुरातल्या पोराला शाळेच्या आधी कळतो. १६६० चा मार्च ते जुलै सिद्दी जौहरचा वेढा, १२ जुलैची पावसाळी रात्र, सहाशे बांदल मावळे घेऊन महाराजांनी गड सोडला, शिवा काशीदांनी आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी प्राण दिले. आम्ही सकाळी सातला बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नारळ फोडतो, म्हाळुंग्यातून मसाई पठारावर चढतो, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीत मुक्काम. खिंडीपर्यंत पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. लोकांना वाटतं, मोहीमप्रमुखाचं काम वाट दाखवणं. वाट गावातलं कुणीही दाखवील. आमचं खरं काम मोजणं. बंधारा, ओढा, अरुंद उतार, अशी एकेकानंच जावं लागेल ती जागा बघायची आणि प्रत्येकाच्या सॅकला हात लावून आकडा म्हणायचा.

आणि सगळ्यात वाईट जागा मसाई पठार. चांगल्या हवेत तिथून जोतिबाचा डोंगर दिसतो, पन्हाळ्याची तटबंदी दिसते. जुलैत स्वतःचे बूट दिसतात, बस्स. जांभ्या दगडाचा उघडा सपाट सडा, त्यावर बोटभर पाणी, कडेला कुठं दरी सुरू होते त्याचा पत्ता नाही. एकाला लागून एक अशी पठारं आहेत आणि धुक्यात सगळी सारखीच. वाट दाखवायला फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, टाकतात. पहिल्या सरीत ती धुऊन जाते, हे दरवर्षी माहीत असून दरवर्षी फक्कीच टाकतात. प्रत्येक संस्थेच्या फिती वेगळ्या रंगाच्या, गेल्या वर्षीच्या तशाच लोंबत असतात. एका दिवशी किती माणसांना सोडायचं, याचा हिशेब कुणाकडेच नाही. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा मला अभिमान आहे. पण तेव्हापासून गर्दीत जी भर पडली, तिच्यात गुडघाभर गवतात स्पीकर लावून नाचणारे आणि बाटल्या तिथंच टाकून जाणारे फार आहेत. मसाई आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. बाटल्या टाकणाऱ्यांतल्या एकालाही मला ते माहीत असलेलं दिसलं नाही.

खोतवाडीत यादी काढून नावं वाचली. पस्तिसाव्या नावाला उत्तर आलं नाही.

इचलकरंजीचे काका. साठीला टेकलेले, यंत्रमागावर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात हयात गेलेली. एकटेच आलेले. बरोबर मित्र, पुतण्या, कोणीही असतं तर अर्ध्या तासात "आमचे काका कुठं?" म्हणून ओरड झाली असती. एकट्या माणसाला हाक मारायला फक्त आमची यादी होती, आणि ती यादी माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, तीन पिशव्यांत कोरडी होती.

आमचा पुढचा गडी बाकीच्यांना घेऊन करपेवाडीकडे निघाला. तो दमदार आहे, फक्त त्याला वेळ गाठायची फार घाई. पठारावर त्यानं दोनदा थांबायला हवं होतं, थांबला एकदा. पिछाडीला होता तो तेवीस वर्षांचा पोरगा माझ्याबरोबर परत चढायला लागला. तो रडकुंडीला आला होता. शेवटचा माणूस आपल्यापुढं ठेवायचा, एवढंच त्याला सांगितलं होतं आणि ते त्यानं केलं होतं. शेवटचा माणूस कोण, हे मात्र मी त्याला सांगितलं नव्हतं.

पठारावर पोचायला सव्वादोन झाले. तीन शिट्ट्या, मग मिनिटभर गप्प उभं राहून ऐकायचं, शंभर पावलं, पुन्हा तीन शिट्ट्या. धुक्यात आवाज कुठून आला ते कळत नाही, म्हणून ऐकताना डोळे मिटतो आम्ही. काही नाही. वारा, पावसाचा चुरचुर आवाज, आणि एकदा म्हशीच्या गळ्यातलं लोढणं.

म्हशीमागं घोंगड्याची खोळ घेतलेला धनगर होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शिट्ट्या कवाधरनं ऐकतोय तुमच्या. तुमचं त्येला ऐकू जात आसंल की. त्येचं तुमास्नी कसं येनार? वारं कुठनं हाय बघा."

वारा पश्चिमेचा. आम्ही कुंभारवाडीकडनं, पश्चिमेकडनं आलेलो. आमची शिट्टी वाऱ्यावर बसून पुढं जात होती आणि पुढून येणारा कुठलाही आवाज वारा मागं ढकलत होता. बारा वर्षं मी शिट्टी कशी वाजवायची ते शिकवतोय. कुठं उभं राहून ऐकायचं, ते मला त्या दिवशी त्या माणसाकडून कळलं.

"त्येला वलांडून पल्याड जावा आनि गप ऱ्हावा," असं म्हणून तो स्वतःच पुढं निघाला. म्हशी तशाच सोडल्या. वीसेक मिनिटं पूर्वेला चाललो आणि थांबलो. आधी मला वाटलं, कानात घुमतंय. खटक, खटक, खटक. न थांबता, एका लयीत.

काका एका दगडाच्या आडोशाला उकिडवे बसले होते आणि स्टीलची बाटली जांभ्यावर आपटत होते. लघवीला वाट सोडून चार पावलं बाजूला गेले, तेवढ्यात पिछाडी पुढं निघून गेली. घाईनं परतताना उजव्या बुटाचा अख्खा तळ निघून आला. हे पावसाळ्यात फार होतं. कपाटात चार वर्षं ठेवलेला बूट वरून नवा दिसतो, आत डिंक मेलेला असतो. त्यांनी सॅकच्या पट्ट्या सोडवून तळ पायाला बांधला होता. मी वाकून बघितलं. एकही गाठ सरकलेली नव्हती. मागावरचा तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, जोडताना मारतात तशा बारीक, चपट्या गाठी.

ओठ निळसर, बोटं मिटत नव्हती, शब्द जड झाले होते. ओले कपडे काढले, माझा कोरडा स्वेटर घातला, धनगरानं न बोलता आपलं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. थर्मासमधलं गरम पाणी गूळ विरघळवून घोटघोट पाजलं. अशा वेळी हातपाय चोळायचे नसतात, हे पिछाडीच्या पोराला दोनदा सांगावं लागलं, इतका तो अस्वस्थ होता.

बोलायला लागल्यावर काका पहिलं काय म्हणाले, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो.

"तुमीच म्हणालासा न्हवं, चुकला तर जागा सोडायची न्हाई. सोडली न्हाई बगा."

मी म्हटलं, "पाच तास बसलात काका."

"मग? मला म्हाईत हुतं, तुमी मोजत असनार. एक कमी आला की येतीलच."

मी मान डोलावली. पोरानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

पुतळ्यापाशी मी दरवर्षी तीच सूचना देतो: चुकलात तर हलू नका, आम्ही येऊ. सत्तेचाळीसातल्या किती जणांनी ऐकली, कोण जाणे. त्यांनी ऐकली आणि कडा चार हातांवर असलेल्या जागी तंतोतंत पाळली. ते हलले असते तर कदाचित धुक्यात दरीत गेले असते. पण ती सूचना ज्या मोजणीच्या भरवशावर होती, ती मोजणी तर पुरी भरली होती. सांगलीचा तो पोरगा स्वतःचं जेवण घेऊन आला नसता, भुकेपोटी त्यानं आमचं पुडकं उचललं असतं, तर मला थेट करपेवाडीत, रात्री अंथरुणं घालताना कळलं असतं. कदाचित तेव्हाही नाही.

रात्री झोप लागली नाही. त्याच वाटेनं, आषाढातल्या रात्री, विजेरी नाही, शिट्टी नाही, सहाशे माणसं गेली, आणि वर पाठलाग. ती एका खोऱ्यातली, हिरडस मावळातली माणसं. पुढचा खोकला तरी मागच्याला कोण ते कळत असेल. आमचे ४७ लोक आदल्या आठवड्यात मोबाइलवर पैसे भरून जमलेले.

आता मी डोकी मोजत नाही, नावं घेतो. वेळ लागतो, लोक कुरकुरतात, पुढच्या गड्याला तर ते अजिबात पटत नाही. यादी पिछाडीच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात असते. एकट्या आलेल्याला पुतळ्यापाशीच जोडीदार देतो आणि दोघांना एकमेकांचं नाव मोठ्यानं म्हणायला लावतो. बूट हातात घेऊन तळ वाकवून बघतो.

काकांना त्या संध्याकाळी जीपनं खाली पाठवलं. जाताना त्यांनी घोंगड्याचे पैसे देऊ केले. धनगरानं घेतले नाहीत, फक्त घोंगडं परत घेतलं.

या जूनमध्ये त्यांचा फोन आला. नवे बूट घेतलेत, रोज पंचगंगेपर्यंत चालतोय, नाव लिहून घ्या. मी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी किती वाजता ध्यानात आलं हो तुमच्या, मी न्हाई म्हणून?"

"जेवताना," मी म्हणालो.

"आनि मोजलं कवा हुतं?"

मी म्हटलं, काका, पुतळ्यापाशी भेटू, तिथं सांगतो. "बरं बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.