लेबलावरचा पत्ता

तारुण्यात ओळखीची झालेली आमच्या गावची बिअर आज पुन्हा ग्लासात ओतली, तेव्हा फेस तसाच होता, माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडसर वासही तसाच होता. मात्र जिभेवर रेंगाळणारा हॉप्स या फुलांचा कडवटपणा फार लवकर विरला.

लेबलावर बारीक अक्षरांत दुसऱ्याच गावातील कारखान्याचा पत्ता होता. पाण्यात सल्फेट हे क्षार अधिक असतील तर कडवटपणाला धार येते, त्यामुळे कृती तीच ठेवली तरी पाण्यासोबत चव बदलू शकते.

सॅन फ्रान्सिस्कोतील १८९६ सालची अँकर ब्रुइंग ही बिअर कंपनी २०२३ मध्ये बंद पडली आणि २०२४ मध्ये नव्या मालकाने ती विकत घेतली, ही बातमी मी मनापासून आनंदाने वाचली होती. नाव टिकले, तरी बिअर आंबवणारे जुने यीस्ट आणि ते जपणारी माणसे टिकतात का?