एम-137 च्या कडेचे रेड ओक

जुलैत रेड ओकखाली पानांचा सडा दिसला की आधी पान उचलून बघावं. त्या दिवशी मिशिगनमधल्या इंटरलॉकनजवळ, रस्त्यालगतच्या एका आवारात तेच केलं. टोकाकडचं अर्धं पान तांबूस, देठाकडे अजून हिरवं. शेंडा उघडा पडलेला. फांदीची साल तासली तर खाली काळपट रेषा. ओक विल्टच, म्हणजे ओक कोमेजवणारा बुरशीचा रोग! या बुरशीनं रेड ओक काही आठवड्यांत मरतो. व्हाइट ओक वर्षानुवर्षं तग धरू शकतो.

मे महिन्यात गाडीच्या वाटेवर येणारी फांदी तिथं छाटली होती. 15 एप्रिल ते 15 जुलै ओकला करवत लावायचीच नाही, कारण ताज्या जखमेवर बारीक भुंगेरे येतात आणि बुरशीचे बीजाणू तेच आणतात. वादळानं फांदी मोडलीच तर लगेच लॅटेक्स रंग फासावा.

पण मुळात बुरशी लांबच्या गावी पोचते ती बहुतेकदा जळणाच्या लाकडातून, आणि हा रस्ता तर मुक्कामाला येणाऱ्यांचाच. एम-137 म्हणजे यूएस-31 महामार्गापासून दोन तळ्यांच्या मधून इंटरलॉकन स्टेट पार्ककडे जाणारा, जेमतेम तीन मैलांचा एकेकाळचा राज्यमार्ग. 1930 च्या नकाशावर तो बिनक्रमांकाचा दिसतो, पुढच्या वर्षी क्रमांक मिळाला. जून 2020 मध्ये राज्यानं तो काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे, सोपवला आणि क्रमांकही गेला. त्यामुळे रोग अडवायला मुळं तोडणारा चर रस्त्याच्या हद्दीत खणायचा तर आता काउंटीच्या रोड कमिशनकडे जायचं; जुन्या कागदांवर विसंबून राज्याच्या खात्याकडे गेलं की हंगामातले मोलाचे दिवस जातात.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या, नुकत्याच कोमेजलेल्या फांद्यांचे तुकडे गार ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. पार वाळलेल्या फांदीत बुरशी सापडत नाही.

खरी कसोटी चर कुठं मारायचा याची. इथली जमीन रेताड, शेजारच्या ओकांची मुळं एकमेकांत जुळलेली, आणि रोग त्यांतूनच सरकतो. म्हणून रेघ आजारी झाडाला खेटून नको. निरोगी दिसणाऱ्या लगतच्या झाडांनाही आत घेऊन त्यांच्या पलीकडे मारायची. चांगली झाडं आत सोडताना जीव तुटतो, पण त्यांच्यात रोग आधीच शिरलेला असू शकतो. 811 या फोन क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या तारा-नळ आखून घ्यायचे, मग पाच फूट पात्याचा व्हायब्रेटरी प्लाउ, म्हणजे थरथरत्या पात्यानं जमीन चिरणारं यंत्र. चार फुटांवर थांबलं तर खालची मुळं जोडलेलीच राहतात. रस्ता मध्ये आहे म्हणून पलीकडचे ओक सुटले असंही धरू नये.

आधी चर, मगच तोड. उलट केलं तर शेजारची जिवंत झाडं त्या मुळांतला रस, आणि बुरशीही, ओढून घेतात. तोडलेलं लाकूड वसंताआधी चिपरमधून, म्हणजे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून, काढायचं, सोलायचं किंवा प्लास्टिकखाली कडा मातीत गाडून झाकायचं. नाहीतर सालीखाली बुरशीचे थर धरतात, साल तडकते, आंबलेल्या फळासारखा वास सुटतो आणि भुंगेरे पुन्हा येतात. ते जळण आवाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, पार्कमधल्या शेकोटीसाठीसुद्धा.