कुत्रं आडवं आलं

मी मोटार सर्व्हेअर. म्हणजे कुणाची गाडी ठोकली की विमा कंपनी ज्याला "जाऊन बघून या" म्हणून पाठवते, तो माणूस. गेली 22 वर्षं इंदूरच्या नि आसपासच्या वर्कशॉपांतून चेपलेली बोनेटं, लोंबणारे बंपर आणि पापडासारख्या तडकलेल्या काचा बघतोय. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, फोटो काढायचे, एस्टिमेटमधल्या निम्म्या ओळी खोडायच्या आणि वर्कशॉपवाल्याच्या शिव्या खायच्या. असा दिवस घालवून रात्री साडेदहाला, घरातले सगळे झोपले की, मी टीव्हीपुढे मांडी घालून बसतो आणि गाड्या ठोकतो.

आई एकदा पाणी प्यायला उठली आणि थोडा वेळ मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "हलवायाने घरी येऊन जिलबी खाल्ल्याचं ऐकलंयस का कुठे?"

खेळाचं नाव 'बर्नआउट 3: टेकडाउन'. 2004 सालचा. इंग्लंडात गिल्फर्ड नावाचं गाव आहे, तिथल्या क्रायटेरियन या कंपनीने केलेला. मी 2007 मध्ये पहिल्या बोनसवर जुना प्लेस्टेशन 2 घेतला, तेव्हा दुकानदाराने "भिया, गाड़ीवाला है, ये भी रख लो" म्हणून ही डिस्क वर टाकली. मशीन अजून चालतं. थंडीत डिस्क वाचायला कुरकुर करतं, तेव्हा झाकणावर दोन टपल्या माराव्या लागतात. हा उपाय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे, पण चालतो.

गाड्यांचे बाकीचे खेळ मी खेळून पाहिले. त्यात ब्रेक कधी लावायचा, वळण कसं कापायचं, टायर किती झिजले, असा सगळा अभ्यास असतो. इथे अभ्यास उलटा. चुकीच्या बाजूने गाडी घाला, बूस्ट, म्हणजे वेगाचा जादा झटका, मिळतो. समोरच्याला घासता घासता चुकवा, बूस्ट मिळतो. शेजारच्याला भिंतीत ढकला (याला ते 'टेकडाउन' म्हणतात), मग तर बूस्टची पट्टीच लांब होते. जे केल्यावर माझ्या टेबलावर फाइल येते, ते केल्याबद्दल इथे बक्षीस. अर्थात पलासियाच्या चौराह्यावर संध्याकाळी सहा वाजता जो तो हेच करत असतो, फक्त फुकट. वेगाची खरीच हौस असेल तर जवळच पीथमपूरला 2021 पासून 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे म्हणा. पण तो गाड्यांच्या चाचण्यांसाठी. तिथे आपल्याला अ‍ॅक्टिव्हा घेऊन कोण सोडतंय!

तरी वेग ही काही या खेळातली खरी गंमत नाही. निदान माझ्यासाठी नाही. यात 'क्रॅश मोड' म्हणून एक प्रकार आहे, तो आधीच्या भागात, 2002 साली आला. एक चौक, त्यातून जाणारी रहदारी आणि तुमची एक गाडी. शर्यत नाही, काही नाही. सुसाट जायचं आणि चौकात घुसायचं. मग बस व्हॅनवर, व्हॅन टँकरवर, टँकर आणखी कशावर तरी, आणि पडद्यावर नुकसानीचा आकडा डॉलरमध्ये चढत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. हा तर माझाच धंदा! फरक एवढाच की यांचा सर्व्हेअर जागेवर, तीन सेकंदांत, घसारा न कापता पूर्ण रक्कम मंजूर करतो. मी रबर-प्लास्टिकचे निम्मे कापतो, फायबरचे 30 टक्के, काचेचं काही कापत नाही, आणि पत्र्याचं गाडीच्या वयावर: सहा महिन्यांच्या आत शून्य, दहा वर्षांच्या पुढे निम्मे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं धरायचं. एका रात्री मी खरोखरच वही घेऊन बसलो आणि त्यांच्या एका चौकाचा क्लेम माझ्या नियमांनी काढायला लागलो. बसचं वय कुठेच दिलेलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

हा खेळ करणाऱ्यांपैकी अ‍ॅलेक्स वॉर्ड आणि फियोना स्पेरी हे दोघे पुढे कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली. 2017 मध्ये त्यांनी 'डेंजर झोन' नावाचा खेळ आणला, त्यात काय, तर पुन्हा चौक आणि पुन्हा धडक. काही माणसांचा नाद सुटत नाही. मला बरं वाटलं.

खऱ्या अपघातात सगळ्यात आधी दोन्ही माणसं उतरतात आणि आपापल्या बंपरकडे बघतात. मग एकमेकांकडे. मग "आँखें हैं कि बटन?" मग आठ-दहा पंच जमतात, त्यातले निम्मे नंतर आलेले असतात आणि तेच जास्त बोलतात. मग फॉर्म. फॉर्मवर 'अपघाताचे वर्णन' म्हणून चार ओळींची जागा असते आणि तिथे दर तिसरा माणूस लिहितो: कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवताना गाडी खांबाला लागली. माझ्या फायलींवर विश्वास ठेवायचा तर इंदूरची कुत्री रोज सकाळी ठरवून कामाला निघतात. मी काही बोलत नाही. मोबाइलवर होतो असं कोण लिहील?

खरं ते चहा आल्यावर कळतं. देवास नाक्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये रामबागेतल्या एक काकू स्टुलावर बसून आपल्या गाडीकडे बघत होत्या. पुढचा भाग इंजिनापर्यंत आत गेलेला. स्वतः धडधाकट, एक बांगडी तेवढी फुटलेली. मला म्हणाल्या, "अहो, समोरच्या लोडिंग रिक्षावर लिहिलेलं मी सगळं वाचलं. मालकाचं नाव, फोन नंबर, खाली शेरपण वाचला. ब्रेक तेवढा लागला नाही." शेर त्यांनी म्हणूनही दाखवला.

हे मी शेकडो वेळा ऐकलंय. सगळं हळूहळू झालं, सगळं दिसत होतं, हातात काही नव्हतं. वेळ भरपूर आणि स्टिअरिंग गेलेलं.

'बर्नआउट 3'ने नेमकं हेच उचललंय. तुमची गाडी ठोकली, हवेत उडाली, चाकं निखळली, की तेवढ्यापुरता वेग एकदम मंदावतो. एक बटण दाबून धरलं की सगळं संथ होतं आणि त्या भंगाराला तुम्ही थोडंसं डावी-उजवीकडे झुकवू शकता. ते लोक याला 'आफ्टरटच' म्हणतात. फार नाही, वीतभर. पण तेवढ्यात मागून येणारा तुमच्या सांगाड्यावर आपटतो आणि तो टेकडाउन तुमच्या नावावर जमा होतो. म्हणजे मेलेल्या गाडीने जिवंत गाडी पाडायची! शर्यतीत पुढे असलो तरी मी या वीतभरासाठी मुद्दाम ठोकतो. मुलीने हे लगेच ओळखलं. "बाबा, तू जिंकायला खेळतच नाहीस," ती म्हणाली आणि अभ्यासाला निघून गेली.

आणि मग दोन-तीन सेकंदांत तीच गाडी पुन्हा रस्त्यावर उभी, नवी कोरी. डेंटिंग नाही, पेंटिंग नाही, "पार्ट मागवलाय, पंधरा दिवस लागतील" नाही.

गाडीत माणूसही नाही. 2008 च्या 'बर्नआउट पॅरडाइज'मध्ये तर अख्खं शहर उभं केलंय, पण गाड्यांतून माणूस नाही, फुटपाथवरही नाही. सुरुवातीला भकास वाटतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. खऱ्या गाडीचं दार उघडताना मला आजही एक क्षण थांबावं लागतं. एकदा सीटखाली वर्तमानपत्रात बांधलेले पोहे सापडले होते. पुडी फुटलेली, शेव मॅटवर सांडलेली, आणि जिरावणाचा, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याचा, वास त्या इंजिन ऑइलच्या वासातूनही येत होता. जिलबी वेगळ्या कागदात, चार. मालक हॉस्पिटलात होता, पुढे बरा झाला. पण चार जिलब्या म्हणजे घरी कोण कोण वाट बघत होतं, याचा हिशोब मी त्या दिवशी फोटो काढता काढता करत बसलो. एस्टिमेटमध्ये त्याला रकाना नसतो.

मी स्वतः चाळीसच्या पुढे स्कूटर नेत नाही. तरी गेल्या श्रावणात रणजीत हनुमानाच्या रस्त्यावर पडलो. वेग असेल पंधराचा. ड्रेनेजचं लोखंडी झाकण पावसाने ओलं झालेलं, पुढचं चाक त्यावर गेलं आणि सरकलं. आणि काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं. झाकणावरची नक्षी दिसली. डब्याची पिशवी हुकावरून निघून तरंगत चाललेली दिसली. समोरच्या गाडीवरचा भाजीवाला तोंड उघडताना दिसला. भरपूर वेळ होता. मी स्कूटरसकट आडवा झालो आणि भोंगा वाजायला लागला, तो थांबेचना. भाजीवाला धावत आला, त्याने माझा डावा हात हँडलवरून सोडवायचा प्रयत्न केला. अंगठा हॉर्नच्या बटणावर घट्ट दाबलेला होता, पांढरा पडेपर्यंत.

"भिया, अब तो छोड़ दो," तो म्हणाला, "सब हट गए."

डावा आरसा, ब्रेकचा लिव्हर, पुढचं पॅनेल. पॅनेल प्लास्टिकचं, म्हणजे निम्मेच मिळणार. वर नो क्लेम बोनस जाणार. बसल्या जागी हिशोब झाला आणि क्लेम न करायचं ठरलं.

घरी आलो तर बायको दारातच. "अहो, गुडघ्याला काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "कुत्रं आडवं आलं."